ऐन सनोबरचा कुटुंबदाखला

ऐन सनोबरला जायचं आणि कुणाच्याही दृष्टीस न पडता परत यायचं, असा बेत मुनीर मास्तरांनी बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी केला, आणि गुरुवारी सकाळी आठच्या आत तो इमारतीच्या सहाही मजल्यांना पाठ झाला होता.

काम म्हणाल तर चिमूटभर. शुक्रवारी सकाळी आठ वाजता दूतावासात व्हिसाची मुलाखत. मुलगा करम मॉन्ट्रियलला, त्याला बावीस दिवसांपूर्वी मुलगी झालेली, नाव यारा. आजोबांनी नात अजून फक्त फोनच्या पडद्यावर पाहिली होती, तीही बहुतेक वेळा झोपलेली आणि अर्धी चौकटीबाहेर. मुलाखतीची तारीख मिळायला पाच महिने गेले होते आणि ही हुकली तर पुढची थेट फेब्रुवारीत. मास्तरांनी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला होता, त्यामुळे कागदांची फाइल त्यांनी नकाशाच्या वहीसारखी लावली होती. आणि बुधवारी संध्याकाळी शेवटची उजळणी चालू असताना त्यांच्या बायकोनं, अफाफनं, चष्मा कपाळावर चढवत विचारलं, "हा कुटुंबदाखला तीन महिन्यांच्या आतला लागतो ना? हा तर तीन महिने चार दिवसांचा आहे."

मास्तरांनी सरकारला, दूतावासाला आणि जुलैमध्ये एकतीस दिवस असतात या गोष्टीला नावं ठेवली. पण त्याने दाखला ताजा होईना.

हा दाखला मिळतो एकाच जागी. माणूस बैरूतमध्ये जन्मू दे, तिथेच लग्न करू दे, तिथेच त्याचे केस जाऊ देत. त्याच्या कुटुंबाचं पान असतं आजोबांच्या गावातल्या वहीत. मास्तरांच्या बू मतर घराण्याचं पान ऐन सनोबरला होतं. मागच्या वेळी एका दलालाने दाखला घरपोच आणून दिला होता, पण तो दलाल आता स्वतःच व्हिसा मिळवून सिडनीला गेला होता.

"मग जा ना, सकाळी नऊला निघालात तर बाराला परत," अफाफ म्हणाली. "घाबरता कशाला?"

"कशाला म्हणजे? हन्ने आत्या आहे तिथे."

मास्तर अकरा वर्षांत वर डोंगरातल्या गावाला गेले नव्हते, हे खरं दुखणं. भांडण वगैरे काही नाही, आज जाऊ उद्या जाऊ करता करता अकरा वर्षं झाली. आणि ऐन सनोबरमध्ये एका घरी गेलं की दुसऱ्याही घरी जावं लागतं, दुसऱ्या घरी गेलं की पहिल्या घरी जेवलात आणि इथे फक्त कॉफी का, असा प्रश्न येतो. बू मतरांची तिथे नऊ घरं. हिशेबाने हे काम चार दिवसांचं होतं.

सकाळी तळमजल्यावरचे अबू फव्वाज मास्तरांची वाट अडवूनच उभे होते. हे गृहस्थ जकात खात्यातून निवृत्त झालेले, आणि लपूनछपून नेण्याच्या सगळ्या युक्त्या त्यांना उलट्या बाजूने माहीत. त्यांनी एका बिलाच्या पाठीवर नकाशा काढून दिला. "गाडी वर न्यायचीच नाही. खालच्या वळणावरच्या हॉटेलात लावायची. मग चर्चच्या मागच्या पायऱ्या. गॉगल घालायचा. कुणी हाक मारली तर खोकायचं आणि चालत राहायचं."

"अहो, मी माझ्याच गावाला चाललोय. दरोडा घालायला नाही."

"तेच म्हणतो मी. दरोडेखोराला कोणी जेवायला थांबवत नाही. तुम्हाला थांबवतील."

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या उम्म जमील दोन रिकामे कॅन घेऊन खाली उतरल्या. वर जाताच आहात तर झऱ्याचं पाणी आणा, माझ्या मुतखड्याला नळाचं पाणी चालत नाही. मास्तर नाही म्हणेपर्यंत कॅन डिकीत गेलेही. अफाफ स्वतः येणार नव्हती. तिला गुडघा होता आणि हन्ने आत्याला तोंड. तिने फक्त मास्तरांना काळा सूट चढवायला लावला. साध्या शर्टात गेलात तर कारकून खुर्चीही देत नाही, असं तिचं म्हणणं. ऑगस्टच्या उकाड्यात, काळ्या सुटात, काळा टाय लावून मुनीर मास्तर डोंगराकडे निघाले.

ऑगस्टमध्ये त्या रस्त्याला रस्ता म्हणणं हा निव्वळ शिष्टाचार. अर्धं बैरूत वर चाललेलं, आखातातले पाहुणे आपापल्या घराएवढ्या गाड्या घेऊन वर चाललेले, आणि वरची माणसं भाजी आणायला खाली. एका वळणावर मास्तर चाळीस मिनिटं एका मक्याच्या गाडीशेजारी उभे होते. कणीसवाल्याने तीनदा विचारलं, घेणार का; चौथ्यांदा त्याने न विचारताच हातात ठेवलं. काळ्या सुटात कणीस खाणारा माणूस बघून शेजारच्या गाडीतली मुलं हसली. मास्तरांनी काच वर केली, आत उकडलं, म्हणून पुन्हा खाली केली.

सव्वाअकराला ते खालच्या वळणावरच्या हॉटेलात पोचले. पायऱ्या एकशे बारा निघाल्या; अबू फव्वाजच्या नकाशात त्या अर्ध्या बोटाएवढ्या होत्या. धापा टाकत मास्तर नोंदणी कचेरीत शिरले, तर दार सताड उघडं, पंखा चालू, टेबलावर अर्धी सिगारेट धुमसतेय आणि माणूस एकही नाही. भिंतीवर पाटी: अर्जावर आधी मुख्तारची सही व शिक्का आणावा. मुख्तार म्हणजे गावाने निवडून दिलेला प्रमुख. तू तूच आहेस हे त्याने लिहून दिल्याशिवाय या देशात कोणी कोणी नसतो. मुख्तारचं लोखंडी सामानाचं दुकान समोरच. तेही बंद.

शेजारी टोप्या विकणारी बाई मास्तरांकडे बघून पटकन उभीच राहिली. "तुमचंही दुःख मोठं आहे," ती म्हणाली. "सगळे चर्चच्या दिवाणखान्यात आहेत. सरळ जा."

"कसलं दुःख?"

"वदीअ बू मतर काल गेले ना! तुम्ही त्यासाठीच आलात ना?" आणि तिने काळ्या सुटाकडे, काळ्या टायकडे नजर टाकली.

वदीअकाका म्हणजे मास्तरांच्या वडिलांचे चुलत भाऊ, हन्ने आत्याचे सख्खे भाऊ. वय एक्क्याण्णव. मास्तरांच्या मनात पहिला विचार आला तो असा: आजच? दुसरा विचार आला की आपण फार वाईट माणूस आहोत. तिसरा विचार मात्र व्यवहाराचा होता. मुख्तार तिथे आहे, कारकून तिथे आहे. आत जायचं, दोन हात मिळवायचे, मुख्तारला दाराशी गाठायचं, शिक्का घ्यायचा, निघायचं. कचेरी दोनला बंद होते. पुष्कळ वेळ आहे.

दिवाणखान्यात पुरुषांच्या बाजूला घरचे लोक ओळीने उभे होते आणि येणारा प्रत्येक जण एकेकाचा हात हातात घेत पुढे सरकत होता. मास्तर आत शिरले. ओळीतल्या पहिल्या माणसाला, कुठल्यातरी चुलतभावाला, काय म्हणावं ते त्यांना सुचेना, म्हणून अशा वेळी सगळे म्हणतात तेच ते म्हणाले, "मी काही पाहुणा नाही. आपण एकाच घरचे."

हे वाक्य त्या देशात रोज लाखभर लोक म्हणतात आणि ऐकणारा त्यावर मान हलवून पुढच्याचा हात धरतो. पण चुलतभाऊ पहाटेपासून उभा होता आणि त्याचे पाय सुजले होते. त्याचा चेहरा उजळला. "खरंच! तुम्ही तर करमचे वडील, मास्तर! या, या, तुमची जागा इथे!" आणि दंडाला धरून त्याने मास्तरांना आपल्या जागी उभं केलं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसला. बूटही काढले त्याने.

त्यानंतर मुनीर मास्तरांनी किती हात हातात घेतले याची गणती नाही. कोरडे हात, ओले हात, अंगठ्यांचे हात, एक प्लास्टरमधला हात. हॉटेलांचे मालक आले, हुक्क्याची दुकानं चालवणारे आले, दोन आखाती पाहुणेही आले, कारण ते ज्या घरात भाड्याने राहत होते ते वदीअकाकांचं. प्रत्येक जण म्हणे, "देव तुम्हाला राखो." मास्तर म्हणत, "तुम्हालाही," आणि त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत. मागून कुजबुज ऐकू येत होती. "बघा, बातमी कळली आणि धावत आला बैरूतहून. रक्त ओढ घेतंच." ते ऐकून मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मध्येच दुखवट्याच्या कडू, बिनसाखरेच्या कॉफीचा पेला येई. सहावा पेला झाल्यावर त्यांचं काळीज स्वतंत्रपणे धावू लागलं.

पाऊण वाजता मुख्तार आला. गोलमटोल, घामाघूम, शिक्का नेहमीसारखा कोटाच्या वरच्या खिशात. त्याने मास्तरांचा हात धरला. मास्तरांनी तो सोडलाच नाही.

"मुख्तारसाहेब," ते ओठ न हलवता म्हणाले, "एक छोटीशी सही होती. दोन मिनिटं. कुटुंबदाखला."

मुख्तारने भुवया वर केल्या. "इथे? काका आत पेटीत आहेत, मास्तर."

"मला माहितीये. पण कचेरी दोनला बंद होते."

"कचेरीवाला तर तुमच्या मागे उभा आहे, तो बघा कॉफी वाटतोय. तो इथे आहे म्हणजे कचेरी बंदच आहे. चला, तीनला दफन आहे. पेटी तुम्ही पुढून धरा, तुम्ही उंच आहात." आणि मुख्तार पुढच्या हाताकडे सरकला.

खिशात फोन थरथरत होता. मास्तरांनी खांबाआड होऊन घेतला. अफाफ होती. "झालं का?"

"वदीअकाका वारले."

"अरे देवा! म्हणजे सही कोण करणार?"

"ते नव्हते सही करणार! मी इथे ओळीत उभा आहे. मला पेटी उचलायला सांगितलीये."

अफाफ म्हणाली, "बघा, सूट घालायला लावला ते बरंच झालं ना!" मास्तरांनी फोन बंद केला. नवरा-बायकोच्या संसारात असे काही क्षण येतात की माणसाने फोन बंदच करावा.

हन्ने आत्या बायकांच्या बाजूने उठून आली ती तेव्हाच. ऐंशी पार केलेली, काळ्या कपड्यांत आणखीच बारकी दिसणारी. तिने मास्तरांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"अकरा वर्षं," ती म्हणाली.

"आत्या, मी..."

"तुझा बाप मेला तेव्हा वदीअ तीन दिवस बैरूतला येऊन उभा होता. बुटाचा तळ फाटला होता त्याचा. असो, आलास. जेवलास का?"

मास्तरांना त्या दिवाणखान्याच्या फरशीखाली जावंसं वाटलं. ते न जेवताच म्हणाले, "जेवलो." ते खोटं होतं हे आत्याला कळलं, कारण कोटाच्या कॉलरवर अजून कणसाचा दाणा होता.

दफनाच्या वेळी पेटी मास्तरांनीच पुढून उचलली. रस्ता चढाचा, पेटी अक्रोडाच्या लाकडाची, आणि मागून धरणारे चुलतभाऊ पाय सुजलेले. गावातल्या मुख्य रस्त्यावर गाड्या थांबल्या, आइस्क्रीम खाणारे पाहुणे उभे राहिले, आणि अकरा वर्षांनी जो माणूस कुणाला दिसू नये म्हणून मागच्या पायऱ्यांनी आला होता तो भर दुपारी सगळ्या गावासमोरून चालला. कब्रस्तानात पाद्रीबाबांनी प्रार्थना संपवली आणि कोणीतरी म्हणालं, "मास्तर शिकलेले आहेत. घराण्याच्या वतीने त्यांनी दोन शब्द बोलावेत."

मास्तरांनी आयुष्यात शेकडो वेळा भाषण केलं होतं, पण ते सगळं खडकांचे प्रकार आणि मोसमी वारे यांवर. ते घसा खाकरून म्हणाले, वदीअकाका शांत, मनमिळाऊ, कोणाच्याही अध्यातमध्यात नसलेले होते. समोरच्या गर्दीत हालचाल झाली. वदीअकाकांनी गेल्या चाळीस वर्षांत मुख्तारवर दोन, पालिकेवर तीन आणि चर्चच्या घंटेवर एक दावा लावला होता. कारकून मान खाली घालून हसू दाबत होता. मास्तर गोंधळले, थांबले, आणि मग काय बोलावं ते न कळून जे आठवलं ते बोलून गेले. "मी पाच वर्षांचा असताना मला समुद्र दिसायचा नाही. भिंत उंच होती. काका मला खांद्यावर घ्यायचे आणि म्हणायचे, बघ, ते जहाज कुठे चाललंय सांग. मी काहीही सांगायचो. ते म्हणायचे, बरोबर. भूगोल मी तिथूनच शिकलो." हे त्यांना चाळीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, आणि आता ते सगळ्यांसमोर रडत होते, काळ्या सुटात, उन्हात. फार राग आला त्यांना स्वतःचा.

पण परतीच्या वाटेवर कारकूनच शेजारी आला. नाव जुरजी, तरुण, चष्मिस. "मास्तर, मुख्तार म्हणाले तुमचं काहीतरी काम होतं. चला, उघडतो. असा माणूस उभा राहिला आमच्या गावासाठी, त्याला परत पाठवायचं?"

मुख्तारने गाडीच्या बॉनेटवर अर्ज ठेवून सही केली, शिक्का मारला. कचेरीत जुरजीने वही काढली. मग तो म्हणाला, "तिकीट?"

"कसलं?"

"सरकारी तिकीट. दाखल्याला चिकटवायचं. माझ्याकडे तीन आठवडे नाहीत. खाली गावातही नाहीत. बैरूतलाही नसतील."

इथे मात्र मुनीर मास्तरांचा तोल गेला. सहा पेले कॉफी, एकशे बारा पायऱ्या, एक पेटी आणि एक भाषण यानंतर बोटाच्या नखाएवढा कागद नाही म्हणून नात बघायची नाही! ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "मी इथे दुःखासाठी आलोच नव्हतो! मी दाखल्यासाठी आलो होतो! काका गेले हे मला टोपीवाल्या बाईने सांगितलं! उद्या आठला मुलाखत आहे, आणि ती गेली तर माझी नात चालायला लागेल तरी मला दिसणार नाही!"

दारात हन्ने आत्या उभी होती. मागे अख्खं घराणं.

आत्याने आपली काळी पर्स उघडली, औषधाच्या पुड्या बाजूला सारल्या आणि एक चपटी डबी काढली. आत तीन सरकारी तिकिटं होती. "माझ्या मरणाच्या कागदांसाठी ठेवली होती," ती म्हणाली. "जुरजी, तीन पुरतील म्हणाला होतास. दोनात भागव." आणि एक तिने टेबलावर ठेवलं.

"आत्या, मला माफ..."

"गप्प बस. तू एकटाच आहेस की काय? ए रफीक, तुझ्या बगलेत काय आहे ते काढ."

ज्याने सकाळी बूट काढले होते तो चुलतभाऊ लाजत पुढे आला आणि त्याने कोटातून एक फाइल काढली. मुलीच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता. त्याच्या मागच्याने पासपोर्टचा अर्ज काढला. तिसऱ्याने काही काढलं नाही, पण मान खाली घातली. आठ जण बैरूतहून आले होते. त्यातल्या पाचांना दाखला हवा होता.

"वदीअला ठाऊक होतं हे," आत्या म्हणाली. "म्हणायचा, हन्ने, मी ऑगस्टमध्ये मेलो तर गर्दी होईल."

जुरजीने तिकीट जिभेने ओलं करून चिकटवलं. मग वहीत वदीअकाकांच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक खूण केली. रीतसर नोंद व्हायला अजून महिना होता. त्याने मान वर केली. "मास्तर, या पानावरचे बाकी जुने सगळे परदेशात. म्हणजे आता घराण्यातल्या पुरुषांत थोरले तुम्हीच. उद्या-परवाही लोक भेटायला येतील, ओळीत पहिली जागा तुमची. सकाळी आठपासून."

मास्तरांच्या हातात दाखला होता, ताजा, ओल्या तिकिटाचा. आणि उद्या आठला त्यांना दोन ठिकाणी असायला हवं होतं. त्यांनी आत्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीही निमित्त सांगायचं नव्हतं.

"आत्या, मला जायचंय. मला पोरीला बघायचंय."

"मग जा की. तुला थांबवलंय कुणी?" आत्या म्हणाली. "पहिल्या जागेवर मी उभी राहीन."

"पण ती पुरुषांची ओळ," मुख्तार हळूच म्हणाला.

"माझा भाऊ मेलाय का तुझा?" आत्या परत दिवाणखान्यात गेली, पुरुषांच्या ओळीत पहिली उभी राहिली आणि मागे वळून मास्तरांना म्हणाली, "इथे किती उभा राहिलास तरी वदीअ काही उठून बसणार नाही. तिकडे पोर मात्र रोज मोठी होतेय. नीघ तू."

पाच वाजले होते. गाडी खालच्या हॉटेलात उभी होती, दाखला खिशात होता, आणि रस्ता उताराचा. मुनीर मास्तर दारापर्यंत गेले. मग संध्याकाळचा लोंढा आत शिरताना बघून ते परत आले आणि आत्याच्या शेजारी उभे राहिले. कोणी दंड धरला नव्हता. सात वाजेपर्यंत, ते स्वतःलाच म्हणाले.

पण आता जो हात हातात घेई तो विचारी, करम कसा आहे? आणि मास्तर सांगत, त्याला मुलगी झाली, बावीस दिवसांची आहे. मग तो माणूस "देव तुम्हाला राखो" आणि "अभिनंदन" एकाच दमात म्हणे. हळूहळू सगळ्या ओळीत हे पसरलं. रफीकच्या मुलीला प्रवेश मिळालाय, फक्त दाखला द्यायचा राहिलाय, हेही कळलं. कोणी मास्तरांचा फोन घेऊन याराचा फोटो बघू लागलं, कोणी हसलं, कॉफी देणाऱ्या जुरजीने चुकून साखरेची कॉफी आणली.

शेवटी हन्ने आत्याने काठी आपटली. "अरे, रडा तरी नाहीतर हसा तरी!" ती ओरडली. "आणि तो फोटो इकडे द्या आधी, मला दिसत नाहीये."